चौथा आग्रह

खोर्दाद १०, शुक्रवार

माझी थोरली बहीण मनीझे काल म्हणाली, "रोज फोन करून माझं डोकं खातेस, त्यापेक्षा वहीत लिहीत जा. वहीला नवरा नाही, पोरं नाहीत, तिला वेळच वेळ आहे." म्हणून ही वही.

आज शुक्रवार, म्हणजे बहमन डोंगरावर. अख्खं तेहरान सुट्टीच्या दिवशी लोळत पडतं आणि माझा नवरा उजाडायच्या आत पाठीला सॅक लावून डोंगरपायथ्याच्या दराकेच्या वाटेला लागतो. पुढच्या महिन्यात, तीरमध्ये, लग्नाला आठ वर्षं होतील. या आठ वर्षांतले शुक्रवार मला कोण परत देणार आहे? तो दुपारी येतो, आंघोळ करतो, जेवतो, मग फोनवरचे फोटो दाखवतो. आजच्या फोटोंत बर्फाचा एक पट्टा होता, खाली धुरात बुडालेलं शहर होतं, आणि दगडावर पाय सोडून सफरचंद खाणारी गोलनार होती.

गोलनार ही बहमनची हमतनाब. एकाच दोरीची दोन टोकं कमरेला बांधून चढतात ते हमतनाब. आमच्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून ती त्याच्या दोरीला आहे. शाळेत मुलींना खेळ शिकवते, लग्न केलेलं नाही, आईला सांभाळते. दोन हिवाळ्यांपूर्वी बहमन बर्फावरून घसरला तेव्हा दोरी तिनेच धरून ठेवली. बरगड्या मोडून घरी आला आणि हसत मला म्हणाला, "थोडं घसरलो." मी तिला केशर आणि पिस्ते पाठवले. नवऱ्याचा जीव वाचवणाऱ्या बाईला आणखी काय पाठवतात? तेव्हापासून ती मला डोळ्यांसमोर नकोशी झाली आहे. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

फोटोत ती आहे, म्हणजे फोटो काढणारा बहमन. एवढं समजायला चष्म्याच्या दुकानात नोकरी करावी लागत नाही.

खोर्दाद १३, सोमवार

आज जेवताना बोलून टाकलं. "यंदा लग्नाच्या वाढदिवसाला मला तुझ्या डोंगरात घेऊन चल. तीन दिवस. तंबू, तू आणि मी. तिसरं माणूस नको."

बहमनचा घास हातातच राहिला. "तू? डोंगरात?"

"का? मला पाय नाहीत?"

"तसं नाही, फिरुझे जान. आपण किशला जाऊ ना. समुद्र आहे, बाजार आहे, थंडगार हॉटेल आहे."

आठ वर्षं मी किश किश करून घसा कोरडा केला, तेव्हा याला तिथे उकडत होतं. आता किश!

"तुला झेपणार नाही गं," तो म्हणाला.

"गोलनारला झेपतं."

"तिचं वेगळं आहे."

तिचं वेगळं आहे. भांडी जरा जोरात आपटली एवढंच.

खोर्दाद १७, शुक्रवार

आज त्याचे बूट बघितले. बघितले म्हणजे तो आंघोळीला गेल्यावर उचलून उजेडात धरले. काल रात्री डोंगरात गारांसकट पाऊस झाला, टीव्हीवर दाखवला. बुटांच्या तळाला चिखलाचा ठिपका नाही. शर्टाला मात्र सफरचंदाच्या तंबाखूचा वास. बहमन हुक्का ओढत नाही. कोणाच्या शेजारी तासन् तास बसलं तरच असा वास लागतो.

मग जेवताना त्याने फोटो दाखवले. ओले दगड, ढग, गोलनारची पाठ. मी म्हणाले, "वर चिखल असेल ना?" तर म्हणतो, "खूप! घोट्यापर्यंत!"

मनीझेला फोन केला. ती म्हणाली, "अगं, दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतेस आणि घरातलं दिसत नाही? पुरुषाच्या बुटाला चिखल नसेल तर त्याचे पाय कुठेतरी गालिच्यावर असतात."

गालिचा. रात्रभर तो गालिचा माझ्या डोळ्यांपुढे. त्याचा रंगसुद्धा मी ठरवला.

खोर्दाद २०, सोमवार

मी हट्ट सोडला नाही. शेवटी त्याने ऑफिसातून नकाशा आणला आणि जेवणाच्या चादरीवर पसरला. बहमन पाणी खात्यात नकाशेच काढतो, त्यामुळे त्याचं बोट नकाशावर मोठ्या ऐटीत चालतं. वर्दकान गावापासून नदीच्या काठाने निघालं, कुरणापाशी पोहोचलं आणि आल्या वाटेने परत फिरलं.

"हे काय? तीन दिवसांत एवढंच?"

"पहिल्यांदाच जातेयस. नदी छान आहे. आंब्याएवढे—" इथे तो अडखळला, "म्हणजे मुठीएवढे अक्रोड मिळतात."

"ऐन उन्हाळ्यात अक्रोड?"

मी त्याचं बोट धरलं आणि कुरणापासून पुढे वर नेलं, कबुतरखिंडीतून पलीकडच्या दरीत उतरवलं आणि डोंगराला वळसा घालून पुन्हा वर्दकानला आणलं. गोल पुरा झाला. लग्न ठरलं तेव्हा याच खिंडीची गोष्ट सांगून त्याने मला पटवलं होतं. वादळात एकट्याने खिंड ओलांडली, वरून कास्पियनकडचे ढग पायाखाली दिसले, वगैरे. आईसमोर सांगत होता आणि मी चहा ओतताना कपाबाहेर ओतला होता.

"खिंड मला बघायचीय," मी म्हणाले.

"खिंडीच्या आधी घसरडा उतार आहे, फिरुझे. नुसती खडी. खाली..." पुढचं बोलला नाही. कपाळावर घाम आला होता. त्याला ती खिंड तिच्याबरोबरचीच ठेवायची आहे, हे मला तेव्हाच कळलं. मी म्हणाले, "खिंड नाही तर काही नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि नकाशाची घडी घालायला लागला. नकाशे काढणाऱ्या माणसाला घडी जमेना.

खोर्दाद २५, शनिवार

जिने चढते आहे. पाच मजले, पाठीवर तांदळाचं पोतं. तिसऱ्या मजल्यावरचे आगा रहमती रोज दार उघडून विचारतात, "लिफ्ट बंद आहे का, खानुम?" मी म्हणते, "नाही, मीच बंद पडलेय, चालू करतेय." आज चौथ्या मजल्यापर्यंत न थांबता गेले. गोलनार माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे. हे मी पोतं खाली ठेवताना दर वेळी आठवते आणि पुन्हा उचलते.

बहमन या आठवड्यात नीट जेवत नाही. रात्री उठून पाणी पितो. काल मी विचारलं तर म्हणाला, "ऑफिसचं टेन्शन." मन खात असलं की माणूस ऑफिसवर ढकलतो.

खोर्दाद २९, बुधवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळं लिहिते, म्हणजे उद्या मला स्वतःलाच खोटं वाटायला नको.

संध्याकाळी गोलनार आली. आमच्या प्रवासाला तिचा छोटा स्टोव्ह देते म्हणाली होती. बहमननेच मागितला असणार. आली तशी तिला बसवलं, चहा दिला, काकडी सोलून दिली, मोठ्या ताटात चेरी ठेवल्या. ती बहमनला नुसतं "बहमन" म्हणते. खान नाही, आगा नाही. मी सख्खी बायको, तरी चारचौघांत मला खान लावावं लागतं.

"कबुतरखिंड!" ती म्हणाली. "बहमन, खरंच?"

"फिरुझेची इच्छा आहे," तो ताटातल्या चेरीकडे बघत म्हणाला.

दोघांमध्ये काहीतरी झालं. शब्द नाही, नजर नाही, पण झालं. आणि मला, पाहुणी घरात असताना यजमानीण जे म्हणते ते म्हणावं लागलं. "गोलनार खानुम, तुम्हीही चला ना. तुमच्याशिवाय कसली मजा?"

"छे हो! तुमच्या लग्नाचा वाढदिवस. मी कशाला मध्ये?"

"मध्ये कसल्या? तुम्हाला डोळ्यांवर बसवून नेऊ."

"कृपा तुमची. पण आई एकटी आहे."

"आईंना माझी बहीण बघेल. तुम्ही आलात तर आम्हालाच आधार."

"नाही हो फिरुझे खानुम, तुम्ही दोघं मजेत जा."

झालं. मी तीनदा बोलावलं, तिने तीनदा नाही म्हटलं. तारोफ, म्हणजे वरवरच्या आग्रहाचा रिवाज, पुरा झाला. इथे कोणीही शहाणी बाई "जशी तुमची मर्जी" म्हणते, चेरीचं ताट पुढे सरकवते आणि विषय मिटतो. पण तेवढ्यात तिने बहमनकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मला वाटलं, हिला कळलंय की मी जळते. हिच्यासमोर जळकी दिसण्यापेक्षा मेलेलं बरं. म्हणून मी चौथ्यांदा आग्रह केला. तिचा हात धरून. "माझ्या गळ्याची शपथ, याच!"

आणि गोलनार म्हणाली, "बरं. येते."

बरं, येते! चौथ्यांदा आग्रह झाला की खरा समजतात, हे शाळेतल्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. मी बत्तीस दात दाखवून हसले. आणि बहमन! दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला. खांदे खाली आले. त्याने चेरी खायला सुरुवात केली आणि ताट संपवलं.

ती गेल्यावर मी विचारलं, "आनंद झाला ना?"

"बरं झालं गं," तो म्हणाला, आणि मला कधी नाही ते कपाळावर चुंबन दिलं. दुसरीच्या येण्याच्या आनंदात दिलेलं चुंबन मी तसंच तोंड धुऊन काढलं.

खोर्दाद ३०, गुरुवार

मनीझे फोनवर पाच मिनिटं नुसती हसत होती. मग म्हणाली, "लोक मधुचंद्राला सासूला नेत नाहीत, तू सवत नेतेस. वर तिची आई माझ्या गळ्यात!"

बहमन भांडी घासताना शीळ घालतो आहे.

तीर १४, शुक्रवार

आज बहमनने सॅक भरून वजन केलं. माझा निळा रेशमी शर्ट बाहेर काढला. "हा कशाला?" मी म्हटलं, "वाढदिवस आहे." "रात्री तिथे बर्फासारखं गार असतं," म्हणाला, आणि लोकरीची बनियन ठेवली. त्याच्या पाठीमागे मी शर्ट पुन्हा कोंबला. लाल लिपस्टिकही. तोंड उन्हाने काळं पडलं तरी ओठ तिच्यापेक्षा बरे दिसतील.

एकच गोष्ट खटकली. त्याने स्वतःच्या सॅकमध्ये दोरी ठेवली नाही. मी विचारलं तर म्हणाला, "गोलनार आणेल." दोरीसुद्धा तिचीच.

या तीन दिवसांत मला कळेलच. तो माझा नसेल तर मी मनीझेकडे जाईन, आणि परत येणार नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

तीर २०, गुरुवार, कुरणावर

सकाळी वर्दकानला गाडी ठेवली. ज्यांच्या अंगणात ठेवली त्या म्हातारीचं नाव खाला तावूस. तिने आम्हा तिघांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बहमनला विचारलं, "दोन्ही तुझ्याच का रे?"

"नाही खाला, ही एक," बहमन माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

"मग दुसरी कशाला आणलीस?"

"ओझं उचलायला," गोलनार म्हणाली. दोघी खदखदून हसल्या. मी पण हसले. दातांना वारा लागेपर्यंत हसले.

चढ मला वाटला तसा जीवघेणा नव्हता. तांदळाच्या पोत्याचे उपकार. गोलनार पुढे, मी मध्ये, बहमन मागे. मी दोनदा वळून बघितलं तर तो माझ्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या पायांकडे बघत होता. एका ठिकाणी वाट कड्याच्या कडेने जाते. रुंद आहे, गाढवं जातात. तिथे गोलनार थांबली. "बहमन, तुझी लेस बघ." तो वाकला. बराच वेळ वाकलेला. ती परत आली, त्याच्याजवळ उभी राहिली, काहीतरी पुटपुटली, आणि मग दोघं एकत्र पुढे आले. नंतर दगडी पुलापाशी पुन्हा तेच. "बहमन, लेस."

माझ्या लेसकडे कोणाचं लक्ष नाही. माझी खरोखरच सुटली होती.

गोलनारने स्वतःचा एकटीचा तंबू लांब, झऱ्याच्या पलीकडे लावला. "तुम्हाला त्रास नको," म्हणाली. हा तारोफ की टोमणा ते कळलं नाही. रात्रीसाठी आशचं दाट सूप आणि लवाशची रोटी. मी लिपस्टिक लावली. बहमन तंबूत येताच पालथा पडून झोपला, म्हणजे झोपल्याचं सोंग घेतलं. त्याच्या छातीची धडधड मला चटईतून ऐकू येत होती. तिच्या तंबूपासून शंभर पावलांवर माझ्या नवऱ्याची छाती अशी धडधडते.

तीर २१, शुक्रवार

पाहिलं. उन्हं यायच्या आधी जाग आली तर तो शेजारी नव्हता. झऱ्यापाशी दोघं बसले होते. त्याची मान खाली, आणि तिने त्याचं मनगट धरलेलं. धरलेलं म्हणजे घट्ट, अंगठा आत. त्याचे ओठ हलत होते, आणि तीही त्याच्याबरोबर काहीतरी मोजत असल्यासारखी मान हलवत होती. माझं मनगट त्याने शेवटचं कधी धरलं?

आज आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली. खिंड ओलांडली की विचारणार. वरच विचारणार. खाली उतरायला दोन वाटा आहेतच, एक त्याची, एक माझी.

तीर २२, शनिवार, वर्दकान

खाला तावूसच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. बहमन आत झोपला आहे. काल सकाळनंतर काही लिहिता आलं नाही.

काल सकाळी आम्ही एक ओढा दगडांवरून उड्या मारत ओलांडला आणि दोन तासांत खडीच्या उतारापाशी आलो. वाट दोन पावलं रुंद, तिरकी, डावीकडे उतार खाली जातो तो थेट दिसेनासा होतो. मला भीती वाटली, पण रागाच्या भरात भीतीला जागा कमी पडली. गोलनार पुढे गेली, मी तिच्या मागे. अर्ध्यावर गेलो तेव्हा मागच्या बुटांचा आवाज थांबला.

गोलनारने वळून बघितलं नाही. तशीच म्हणाली, "बहमन, तुझी लेस बघ."

मी वळले. तो वाकला होता. दोन्ही हात बुटावर. लेसची दुहेरी गाठ मला पाच हातांवरून दिसत होती. लोकांचे नंबर काढून काढून लांबचं बघायची सवय आहे मला.

"लेस सुटलेली नाही," मी म्हणाले. "काल पुलापाशीही नव्हती. तुमची काय खूण आहे ती मला सांगा. इथेच सांगा."

खडीचा एक खडा सुटला आणि बराच वेळ खाली जाताना ऐकू आला. मग बहमन म्हणाला, वर न बघता, "नाही सुटलेली."

"मग?"

"मला पाऊल उचलत नाहीये, फिरुझे."

गोलनार माझ्या अंगावरून वाट काढून त्याच्याकडे गेली. दोरी काढली, त्याच्या कमरेला बांधली, आणि लहान मुलाशी बोलावं तसं नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "चार आकडे आत, चार बाहेर. सकाळी केलं तसं." तिने त्याला मागे, सुरुवातीच्या सपाट जागी नेलं. मी एकटीच उताराच्या मध्यावर उभी. कोणीतरी मलाही आणायला येईल असं वाटलं. कोणी आलं नाही. मग माझी मीच आले.

तिथे दगडाला टेकून त्याने सांगितलं. घसरला त्या दिवसापासून तो एकदाही वर गेलेला नाही. दर शुक्रवारी दराकेच्या पहिल्या चहाखान्यात बसतो. म्हातारे हुक्का ओढत नर्दच्या सोंगट्यांचा डाव मांडतात, हा त्यांचे डाव बघतो. गोलनार आणि बाकीचे वर जातात, उतरताना फोटो त्याच्या फोनवर पाठवतात, आणि तो ते घेऊन घरी येतो.

"दोन वर्षं?" मी म्हणाले.

"दोन वर्षं."

"हिला माहीत होतं?"

"ती दोरीच्या दुसऱ्या टोकाला होती गं. तिला सांगावं नाही लागलं."

"आणि मला?"

तो म्हणाला, "तू डोंगर चढणाऱ्या माणसाशी लग्न केलंस. चहाखान्यात बसणाऱ्याशी केलं असतंस का?"

"चहाखानेवाल्याशीच करायला हवं होतं. निदान शुक्रवारी घरी चहा तरी मिळाला असता."

त्याला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. गोलनार सॅकच्या पट्ट्यांशी खेळत होती. ती म्हणाली, "फिरुझे खानुम, त्या दिवशीचा तुमचा आग्रह मी खरा समजले असं तुम्हाला वाटलं ना? मी काय डोंगरातच वाढलेय? तारोफ मला कळतो. पण ह्याचा चेहरा बघितला आणि वाटलं, दोघं एकटे आले तर इथेच अडकतील. म्हणून निर्लज्जासारखं 'येते' म्हटलं." मग जरा चिडून म्हणाली, "दर शुक्रवारी तुमच्याशी खोटं बोलायला याला मदत करून मलाही वीट आलाय. माझी आईसुद्धा मला एवढी जड नाही."

माझा संशय खोटा ठरला होता. मला वाटायचं, संशय गेला की मत्सरही जातो. तो गेला नाही. उलट दुप्पट वर आला. या बाईने माझ्या नवऱ्याचा मुका घेतला असता तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या आणि मोकळी झाले असते. पण तो हिच्यासमोर घाबरत होता. दोन वर्षं हिच्यासमोर थरथरत होता, आणि माझ्यासमोर येऊन घोट्यापर्यंतच्या चिखलाच्या गप्पा मारत होता. माझ्या वाट्याला शूर नवरा आला आणि खरा नवरा तिच्याकडे गेला. हे मी तिथे मोठ्याने बोलले. दोघांनीही मान खाली घातली.

मग मी गोलनारला म्हणाले, "तुम्ही खिंडीतून जा. आम्ही आल्या वाटेने परत जातो."

"नको हो, तिघं एकत्रच उतरू."

"जा."

"वाटेत ओढा आहे, दुपारी—"

"गोलनार खानुम, जा."

याच्यात तारोफ नव्हता, आणि तिला ते कळलं. तिने दोरी बहमनच्या कमरेची सोडून स्वतःच्या सॅकमध्ये ठेवली, माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि गेली. खडीवरून ती इतकी सहज चालत गेली की तेही मला बघवलं नाही.

दुपारी आम्ही ओढ्यापाशी आलो तेव्हा सकाळचे दगड पाण्याखाली गेले होते. वरचा बर्फ उन्हाने वितळतो आणि दुपारी ओढे फुगतात. पाणी मांडीला लागेल इतकंच होतं, पण ओढ आणि आवाज फार. मी बूट काढायला लागले. बहमन काठावर उभा होता. मी ओळखलं, आणि मुद्दाम काही बोलले नाही. लेसचं नाव तर जिभेवर येऊ दिलं नाही.

"फिरुझे," तो म्हणाला. "थांब. माझे पाय थरथरतायत."

मला सांगितलं. तिथे दुसरं कोणीच नव्हतं सांगायला, हे खरं, पण मला सांगितलं. हेच मला हवं होतं. आणि ते मिळाल्याबरोबर माझी बोबडी वळली. मी खरंच मान वर करून खिंडीकडे बघितलं, गोलनार दिसते का म्हणून. आता काय करायचं असतं? मनगट धरायचं? कुठे धरायचं? चार आकडे आत की आधी बाहेर? आठ वर्षं संसार केलेल्या बाईला हे विचारायला दुसऱ्या बाईची गरज पडावी.

"मग बसू," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

"पाणी सकाळपर्यंत उतरणार नाही."

"मग सकाळपर्यंत बसू."

"आणि सकाळीही पाय असेच असले तर?"

"मला नाही माहीत, बहमन. माझेपण थरथरतायत. बस तू आधी."

आम्ही बसलो. त्याने घसरण्याचं सगळं सांगितलं, जे दोन वर्षांपूर्वी "थोडं घसरलो" एवढंच होतं. बर्फाचा आवाज, तोंडात रक्ताची चव, दोरी ताणली गेली तोपर्यंतचा वेळ, आणि त्या वेळात मी आठवले नाही हेसुद्धा. "कोणीच आठवलं नाही," म्हणाला. मला ते लागलं. पण खोटं सांगितलं नाही म्हणून मी ते चालवून घेतलं. मग ओढ्याच्या अलीकडेच तंबू लावला, पनीर आणि अक्रोड खाल्ले. निळा शर्ट मी बनियनच्या वरून घातला. तो म्हणाला, "खुळी दिसतेस." मी म्हटलं, "तूही फार हुशार दिसत नाहीस."

आज सकाळी पाणी उतरलं होतं. मी आधी शिरले, मग मागे हात केला. त्याचा तळवा घामाने भिजलेला होता. ओढा दहा हात रुंद नसेल, आम्हाला ओलांडायला कितीतरी वेळ लागला. मध्येच तो थांबला, तेव्हा मीही थांबले, गार पाण्यात पिंडऱ्या बधिर होईपर्यंत. पलीकडे पोहोचल्यावर त्याने हात सोडला नाही, आणि खाली कुरण लागेपर्यंत आम्ही तसेच शाळेतल्या पोरांसारखे चाललो.

वर्दकानला आलो तर गोलनार आधीच पोहोचलेली. तिने पूर्ण वळसा घातला होता, तोंड उन्हाने लाल, खाला तावूसच्या ओट्यावर चहात साखरेचा खडा बुडवून बसलेली. बहमन सरळ आत जाऊन आडवा झाला. ती उठली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "तुमची वाट माझ्याहून निम्मी, आणि उशीर तुम्हाला? ओढ्यापाशी काय झालं? अडकला का?"

तिने काळजीनेच विचारलं. या बाईने माझ्या नवऱ्याला दोनदा वाचवलं आहे, मला माहीत आहे. आयुष्यभर केशर पाठवलं तरी फिटणार नाही.

"काही नाही," मी म्हणाले. "पाणी जास्त होतं, म्हणून थांबलो."

"आणि तो?"

"तो ठीक होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी चहाची किटली उचलली आणि तिचा कप भरला. बहमनबद्दल मला ठाऊक असलेली आणि तिला ठाऊक नसलेली ही पहिली गोष्ट आहे. ती मी तिला देणार नाही.